साठ लिटर पोचवायला सदतीस लिटर

श्री. व्याहीबुवा यांस,

सप्रेम नमस्कार. विहीणबाईंना वेगळा नमस्कार (एकाच नमस्कारात दोघांना गुंडाळलं की त्या मागाहून बोलतात, असं सूनबाईने सांगून ठेवलं आहे).

साठ लिटर डिझेल चार डोंगरांवर पोचवायचं, तर खर्च येतो असा: सदतीस लिटर डिझेल, अर्धा झिजलेला एक टायर, माझी कंबर, आणि कंपनीच्या माणसासमोर गेलेली अब्रू. दोन महिन्यांपूर्वीपर्यंत आमच्या धंद्याचा खरा हिशेब हा होता आणि तो मला सोडून घरात सगळ्यांना ठाऊक होता. आज तो तसा नाही, याचं श्रेय तुमच्या मुलीचं. ती तुम्हाला आपल्या तोंडाने सांगणार नाही, म्हणून हा पत्रप्रपंच.

आधी ख्यालीखुशाली. तुमचा गुडघा कसा आहे? शिलाई मशीनला मोटर बसवून घ्या असं मी मागेच म्हटलं होतं, पण तुम्हाला पायाने मारल्याशिवाय टाका आपला वाटत नाही, त्याला कोण काय करणार. विहीणबाईंची दाढ काढली की अजून तिची मनधरणी चालू आहे? इकडे सगळे ठीक. तुमचे जावई सकाळी बिलं करतात आणि संध्याकाळी तीच बिलं परत करतात. सूनबाई माहेरी आली आहे तर तिला हवं तितकं राहू द्या. महिनाभर राहू द्या. इथे काही अडलेलं नाही, हे मी सुरुवातीलाच स्पष्ट लिहून ठेवतो.

लग्न ठरवताना तुम्ही विचारलं होतं की तुम्ही नक्की करता काय, आणि मी ‘डोंगरावरची कामं’ असं मोघम उत्तर दिलं होतं. तर चार डोंगरांच्या माथ्यावर एका फोन कंपनीचे चार मनोरे आहेत. वीज गेली की तिथले जनरेटर चालतात. त्यांना डिझेल आणि ऑइल पोचवायचं, फिल्टर बदलायचे, दोन शब्द प्रेमाचे बोलून खाली यायचं, हे माझं काम. वर जायला रस्ता नाही. दगडांनी आपसात ठरवून थोडी जागा सोडली आहे, तिला आम्ही रस्ता म्हणतो. तो चढायला आमची हत्तीण. चारही चाकांना जोर लावणारी, डिझेलवरची, तुमच्या जावयांपेक्षा वयाने मोठी आणि (त्यांना वाचून दाखवू नका) कामाला जास्त उपयोगी. मी दुसऱ्याच्या गॅरेजात पाने पुसत मोठा झालो. इंजिन मी पुस्तकातून शिकलो नाही, कानांनी शिकलो. आजही शेजारच्या गल्लीतून गाडी गेली तर तिचा कोणता नोझल रुसला आहे ते मी जेवता जेवता सांगतो. (घरातून उत्तर येतं, ‘समोरची आमटी रुसली आहे, तिच्याकडे बघा.’)

तर कंपनीने नवा नियम काढला. गाडीला लागेल तितकं डिझेल आता मिळणार नाही. चार डोंगरांच्या एका फेरीला तीस लिटर. ज्याची फेरी तिसात बसत नाही, त्याचे मनोरे नव्या गाड्यांच्या एका ठेकेदाराला. (त्याच्याकडे पांढऱ्याशुभ्र सहा गाड्या आहेत आणि त्यातल्या एकीच्याही काचेवर मी कधी चिखल पाहिलेला नाही.) मनोरे गेले म्हणजे आमच्या घरात उरतं काय, तर मी आणि माझे किस्से. किस्से मंडळींना पाठ आहेत.

परीक्षा घ्यायला कंपनीचा जो तरुण आला त्याचं नाव आम्ही मोजपट्टी ठेवलं. पोरगा सालस, पण डिझेलच्या फेसावर सुद्धा त्याचा विश्वास नाही. टाकी काठोकाठ भरल्यावर तो हत्तिणीला दोन्ही हातांनी हलवायचा, फेस बसू द्यायचा आणि वर आणखी घोटभर घालायचा. मग झाकणाला सील. फेरी संपली की पुन्हा काठोकाठ भरायची, जितकं मावलं तितकं जळलं. मी म्हटलं, ये बाबा, बस शेजारी, डिझेल कसं वाचवतात ते आज बघून घे. आणि वाटभर त्याला माझे सगळे उपाय समजावून सांगितले. सकाळी इंजिन चालू करून माझा चहा होईपर्यंत गरम होऊ द्यायचं, म्हणजे ते दिवसभर कुरकुर करत नाही. मनोऱ्यावर काम चालू असताना बंद करायचं नाही, कारण परत सुरू होताना ते जास्त पितं. सामान सगळं बरोबर ठेवायचं, म्हणजे एखादी वस्तू राहिली म्हणून दुसरी खेप पडत नाही. दगडांसाठी टायरमधली हवा कमी केली की डांबरी रस्त्यावर पुन्हा भरत बसायचं नाही, उद्या परत दगडच आहेत. चारही चाकांचा जोर एकदा लावला की लावलेला राहू द्यायचा, त्या दांड्याची झीज वाचते. गिअर बदलायची घाई करायची नाही, इंजिनाला मनसोक्त ओरडू द्यायचं, मगच पुढचा. आणि माझा हुकमी एक्का, उतार लागला की न्यूट्रल. डोंगर फुकट उतरायचा. मोजपट्टी सगळं लक्ष देऊन ऐकत होता. संध्याकाळी सदतीस लिटर मावले. तो पंपाचा आकडा दोनदा वाचून म्हणाला, ‘काका, एवढं वाचवून सदतीस?’

आठ दिवसांनी एक शेवटची संधी देतो, म्हणाला. (सालस म्हणतो तो उगाच नाही.)

रात्रीचं जेवण कसं झालं असेल ते तुम्ही ओळखाच. तुमच्या जावयांनी भाताला इतकं कालवलं की तो दुसराच काही पदार्थ झाला. सौ. म्हणाली, ‘गाडी काही कमी पिणार नाही, तुम्ही डोंगरच खाली आणा.’ अशा वेळी तुमची मुलगी ताटातून मान वर न करता म्हणाली, ‘बाबा, पुढची फेरी मी नेऊ?’ आता हे लक्षात घ्या की तिला हत्तीण चालवायला मी शिकवलं आहे. वर्षभर शेजारी बसून. मी सांगितलेला शब्द न् शब्द तिने नीट ऐकून घेतला होता. फक्त त्यातलं काय करायचं ते तिने मला विचारलं नव्हतं. मी म्हटलं, ‘अगं, मला सदतीस लागले, तुला किती लागतील?’ ती म्हणाली, ‘तेच बघू.’ व्याहीबुवा, घरात मी सोडून कोणालाच हसू आलं नाही, म्हणून मीही आमटी वाढून घेतली.

दुसऱ्या दिवशी तिने हत्तीण अंगणात रिकामी केली. दोन जादा चाकं, ट्रकचा जॅक, नदी ओढून नेता येईल अशी साखळी, एका मेलेल्या इंजिनाचं हेड (भावनिक कारणं आहेत), टपावरचा कॅरिअर, आणि सौ.चा तीन वर्षांपूर्वी हरवलेला कुकर. रेडिएटरला पाणी आणायला मी तो एकदा नेला होता. त्या कुकरवरून जे झालं ते या पत्राच्या विषयात बसत नाही. सूनबाई नंतर मला म्हणाली, ‘बाबा, हे सगळं तुम्ही रोज डोंगरावर फिरवून आणत होता. त्याला तरी हवापालट झाला.’ टोमणा मारावा तर असा, लागतो पण सूज येत नाही. एक जादा चाक, एक छोटा जॅक आणि हवा भरायचा पंप तेवढा तिने परत ठेवला.

परीक्षेच्या दिवशी मोजपट्टी मागे बसला आणि मी शेजारी. बोलायचं नाही, ही तिची अट होती. चहा मला घरातच मिळाला, इंजिन बंद असताना. चावी फिरवली आणि ती लगेच निघाली, सुरुवातीची वाट तेवढी हळू. मी मनात म्हटलं, संपलं. पण ऐकत होतो. गिअर इतक्या लवकर बदलत होती की इंजिनाला ओरडायला वेळच मिळेना, नुसतं गुणगुणत होतं. डांबरी रस्त्यावर दोनच चाकांचा जोर. पायथ्याला उतरून तिने हवा कमी केली, चार चाकांचा दांडा ओढला आणि दगडांवर अशी गेली, जणू एकेका दगडाची परवानगी घेते आहे. चाक जागच्या जागी फिरून धूळ उडवणं, जे मी ताकद म्हणून मिरवत आलो, ते एकदाही नाही. माथ्यावर पोचताच चावी बंद. मला इतकी शांतता तिथे कधी ऐकू आली नव्हती. वर वारा असतो, हे मला त्या दिवशी कळलं.

मग उतार. माझा हात आपोआप गिअरच्या दांड्याकडे गेला आणि तिने तो हळूच बाजूला केला, लहान मुलाचा गरम भांड्यावरून करतात तसा. ती गिअरमध्येच उतरत होती. मला राहवलं नाही. म्हटलं, ‘सूनबाई, फुकटचा डोंगर वाया घालवतेस.’ ती म्हणाली, ‘बाबा, न्यूट्रलला इंजिनाला जिवंत राहायला प्यावं लागतं. गिअरमध्ये पाय उचलला की चाकंच त्याला फिरवतात, प्यायची गरज नाही. पटत नसेल तर ऐका.’ वादात मला कोणी ‘वाचा’ म्हटलं असतं तर मी भांडलो असतो. तिने ‘ऐका’ म्हटलं. मी डोळे मिटले. आणि व्याहीबुवा, डिझेलच्या इंजिनाची ती टकटक, जी मी जन्मभर झोपेत सुद्धा ऐकत आलो, ती तिथे नव्हतीच. नुसती चाकांची घरघर आणि हवेचा फुसफुस श्वास. इंजिन उपाशीपोटी डोंगर उतरत होतं. तळाला तिने पाय ठेवला आणि टकटक परत आली. पुढच्या तीन उतारांवर मी मोजपट्टीला सुद्धा बोलू दिलं नाही.

तिची आणखी एक गोष्ट मी पाहिली आणि ती तुमच्याकडून आलेली आहे. तुमच्या दुकानात एकदा मी बसलो होतो, तेव्हा तुम्ही कापडाला कात्री लावण्याआधी टेबलाच्या पार टोकापर्यंत नजर नेलीत आणि मग एका दमात कापत गेलात. सूनबाई तशीच बघते. वळण आपल्याला दिसायच्या आधी तिचा पाय उचललेला असतो. ब्रेक जवळजवळ नाहीच. मी विचारलं तर म्हणाली, ‘ब्रेक मारला म्हणजे आत्ता जाळलेलं फेकून दिलं. दादा म्हणतात ना, कात्री मध्येच थांबली की कड दातेरी होते.’ तुम्ही तिला शिवण शिकवलीत आणि ती डोंगर कापायला वापरते आहे.

संध्याकाळी सत्तावीस लिटर मावले. मोजपट्टीने गाडी तीनदा हलवली, फेस बसू दिला, आणि शेवटी तो स्वतःच थोडा हलला. मनोरे आमच्याकडे राहिले. अट एवढीच की महिन्याच्या शेवटी सगळ्या फेऱ्या धरून माप होईल आणि सरासरी तिसाच्या वर गेली तर बोलणं संपलं. तुमच्या जावयांनी भात न कालवता खाल्ला. सौ.ने सूनबाईला त्याच कुकरमधलं पहिलं वाढलं. मी दोन्ही घरांत मिळून इतका नीटनेटका हात पाहिलेला नाही आणि हे मी तिच्या वडिलांना लिहितो आहे म्हणून लिहीत नाही.

आता ती तिकडे असल्यामुळे फेऱ्या पुन्हा मी करतो, तिच्याच पद्धतीने. खरं सांगायचं तर थोडी सुधारून. सोमवारी टाकी भरली. पहिल्या डोंगरावर काटा पाऊण टाकीवर आला आणि तिथून तो हललेला नाही. एक सबंध फेरी झाली, उद्या दुसरी आहे, काटा पाऊणवर. सूनबाईला सुद्धा हे जमलेलं नाही. मी कालच मोजपट्टीला फोन करून सांगितलं की सत्तावीस विसर, या महिन्यात तुझी मोजपट्टी लहान करून आण. शिकणारा मुळातला तयार असला की असं होतं. म्हणून पुन्हा लिहितो, सूनबाईला सावकाश पाठवा, इकडची काळजी नको.

लोभ आहेच. तो भरताना मात्र माप बघू नका.

तुमचा,
व्याही

ता. क. हे पत्र जाताना पेटीत टाकायचं म्हणून खिशात होतं, ते राहून गेलं. आता बॉनेटवर ठेवून लिहितो आहे, अक्षराकडे दुर्लक्ष करावं. सूनबाईला शनिवारी सकाळच्या पहिल्या गाडीत बसवून द्या. काही अडलेलं नाही. महिना संपायला अजून दोन फेऱ्या आहेत, तिला हात मोकळा करायला बरं, एवढंच.

ता. क. दुसरा. तिने कारण विचारलं तर सासूबाईंना आठवण येते असं सांगा. सौ.ला मी अजून विचारलेलं नाही, पण ती नाही म्हणणार नाही. शनिवार जमत नसेल तर शुक्रवार.

ता. क. तिसरा. मागे कंपनीचे पंधरा लिटर आहेत, पण त्यांना सील आहे, आणि तुमचे जावई कॅन घेऊन निघाले आहेत. तिसरा डोंगर उतरून हत्तीण दुपारपासून पायथ्याशी उभी आहे. टाकीत थेंब नाही आणि काटा अजून पाऊणवरच आहे.