ऑरिनचे आकडे कोणी लिहावेत

मी, विल्हेल्मिना ब्रँट, राहणार क्लीव्हलंड, ओहायो, हे स्वतःच्या हाताने लिहीत आहे. मी पूर्ण शुद्धीवर आहे. अक्षर थरथरते ते तळघरातल्या पाऱ्याच्या वाफेमुळे. त्यावरून माझ्या मनाबद्दल शंका घेऊ नये. मला कोणी भरीस घातलेले नाही.

१. हे घर मला वडिलांकडून मिळाले. ते माझी मुलगी लिडिया हिला द्यावे. माझे पती ऑरिन हयात असेतो इथेच राहतील आणि लिडियाने त्यांच्याजवळ राहावे.

२. बँकेतली शिल्लक ऑरिनच्या औषधपाण्यासाठी. शिवणयंत्र शेजारच्या मिसेस होरवाथ यांना. मी अंथरुणाला टेकल्यापासून सूप त्यांच्याकडूनच येते.

३. माझा भाऊ ओटो याला काही नाही. दर थँक्सगिव्हिंगला टर्की कापता कापता तो विचारी, "काय भाऊजी, लागला का ईथरचा वारा? निदान टोपी तरी उडाली?" ऑरिन म्हणत, "तुझ्या तोंडचा वारा मोजायला यंत्र लागत नाही, ओटो." सगळे हसत. मग ऑरिनचे ताट तसेच राही.

४. तळघरातले यंत्र मोडू नये. दगडी लादी पाऱ्यावर तरंगते, तिच्यावर आरसे आहेत. प्रकाशाचे दोन भाग दोन दिशांना जाऊन परत येतात आणि मिसळतात, तेव्हा दुर्बिणीत काळे-पांढरे पट्टे दिसतात. प्रकाश ज्यातून वाहतो असे मानत आले, त्या अदृश्य ईथरमधून पृथ्वी जात असेल, तर त्याच्या वाऱ्याने लादी फिरताना हे पट्टे सरकले पाहिजेत. दुर्बिणीला डोळा लावून ऑरिन लादीबरोबर चालतात आणि पट्टा किती सरकला त्याचा आकडा सांगतात. मी कोपऱ्यात बसून लिहिते. जग म्हणते, पट्टे सरकत नाहीत. ऑरिनना ते किंचित सरकताना दिसतात. मी कधी डोळा लावून पाहिले नाही.

५. लिडिया, तू शिकागोत मुलांना सापेक्षता शिकवतेस. त्या ईस्टरला तू म्हणालीस, "बाबा, वारा नाहीच आहे. पट्टे हलतात ते उबेने. तुम्ही तळघरातली ऊब मोजताय."

ते म्हणाले, "मग मी इतकी वर्षं कशाभोवती फिरलो, लिडी?"

तू कोट घातलास. पुन्हा आली नाहीस. तुझे बरोबर होते.

माझ्यामागे त्यांचे आकडे तू लिहावेस. यंत्रावर विश्वास ठेव, अशी माझी अट नाही. लिहून घेणे म्हणजे मान्य करणे नव्हे. अट एवढीच, की आकडा ऐकला की मोठ्याने "लिहिलं" म्हणायचे. तो शब्द कानावर पडल्याशिवाय तुझे बाबा पुढचे पाऊल टाकत नाहीत. अंथरुणाला टेकले त्या दिवशी मला तिथेच ग्लानी आली. डोळे उघडले तेव्हा ते दुर्बिणीशी वाकून तसेच उभे होते. म्हणाले, "मिना, लिहिलंस ना?"

तू येणार नसलीस, तर कलम चार रद्द समजावे. पारा काढून घ्यावा. लादी जमिनीला टेकू द्यावी. त्यांना तिथे उभे ठेवू नये.

सही: विल्हेल्मिना ब्रँट
साक्षीदार: डॉ. नेल्सन ट्रॅस्क; रूथ ट्रॅस्क (परिचारिका)
क्लीव्हलंड, ९ नोव्हेंबर १९३६

ऑरिनना हे वाचून दाखवलेले नाही. मी बरी होते आहे, असे ते समजतात.