पंचावन्न मिनिटं

१४ मार्च, दुपार

ती. सौ. ताईस,

नमस्कार. तू बरी असशील. भाऊजींचे गुडघे काय म्हणतात? मी ठीक. अक्षर ओळखून पाकीट तसंच कोपऱ्यात टाकू नकोस, एवढं वाच.

परवा आमच्या विमानतळाच्या भिंतीपलीकडे विमान पडलं, ते ऐकलंच असशील. आज तिथूनच मी उडालो आणि तुमच्या शहरात उतरलोसुद्धा. हो, मीच. दिवसभर लोकांना दोरावर टांगणारा लिफ्टवाला, पण विमान म्हटलं की मी चार पावलं मागे. हस खुशाल.

इथल्या मोठ्या इस्पितळाची लिफ्ट बंद पडलीय. साहेब म्हणाले, आजच्या आज पोच. नाही म्हणता आलं असतं. पण तसं म्हटलं नाही.

विमानतळाच्या काउंटरवर आता चिठ्ठी भरून घेतात, काही झालं तर कोणाला कळवायचं याची. पुढच्या बाईंना नावं लिहायला जागा पुरेना. मी नुसता पेन धरून उभा. लग्न केलं नाही, मित्र म्हणावे तर चहापुरते. फार एकटं वाटलं, ताई. शेवटी तुझं नाव घातलं. नंबर पाठ होता तो फक्त आईच्या घरचा. काउंटरवरच्या मुलीने तिथल्या तिथे लावून बघितला.

"काका, हा बंद आहे."

"असू दे."

"असं कसं? कोणाला तरी सांगावं लागेल ना?"

मग तुझा पत्ता लिहिला.

विमानात चाळीस खुर्च्या, माणसं नऊ. वर जाताना डावीकडे कोणी बघेना. मी बघितलं. जळकं शेत, त्यात विमानाचं शेपूट तेवढं उभं. शर्ट घामाने भिजला, दात आवळून बसलो. पंचावन्न मिनिटांत उतरलो.

फक्त पंचावन्न मिनिटं गं.

सहा वर्षांपूर्वी आई तुझ्याकडे शेवटच्या घटका मोजत होती, तेव्हा मी फोनवर सांगितलं, तिकीट मिळत नाही. तू म्हणालीस, अजून बघ जरा, ती सारखी दाराकडे बघतेय. वर मीच तुझ्यावर खेकसलो, तिकीट काय झाडाला लागतं का? चोराच्या उलट्या बोंबा. ताई, तिकीट मिळालं होतं. खिशात होतं. विमानाच्या शिडीपर्यंत गेलो आणि परत फिरलो. घाबरलो, दुसरं काही नाही. सगळं तू एकटीने निस्तरलंस, आणि मी तुझ्याच रागाला नावं ठेवत बसलो.

लिफ्टच्या मशीनखोलीत, हत्यारांच्या पेटीवर कागद ठेवून लिहितोय. संध्याकाळी तुझ्या दाराच्या फटीतून आत सरकवीन. बेल वाजवणार नाही, तेवढी लाज आहे. शनिवारपर्यंत इथेच काम आहे, तळमजल्यावर कोणालाही विचार. शिव्या द्यायला आलीस तरी ये.

सहा वर्षं उशिरा पोचलेला,
तुझा धाकटा