साइटवर आहे तेच बरोबर

५ मार्च २००४, शुक्रवार

मीटिंग. परत तीच भांडणं. पाच कॉलेजांच्या गणित विभागांच्या साइट्स एका साच्यात आणायचं काम जूनपासून माझ्या गळ्यात आहे. मागणी साधी: नोट्स डावीकडे, त्याखाली जुन्या प्रश्नपत्रिका, सगळीकडे तस्संच. सध्या एका कॉलेजच्या नोट्स प्राचार्यांच्या फोटोखाली सापडतात, दुसऱ्याच्या सापडतच नाहीत.

अडलंय आमच्याच घरात. आमचे विभागप्रमुख दामले सर (यापुढे दा.स.) यांना त्यांच्या हस्ताक्षरातली पानं स्कॅन करूनच हवीत. अक्षर सुंदर आहे, कबूल. पण फोनच्या लायनीवर एक पान उघडेस्तोवर माणसाचा चहा पिऊन होतो. मी तसं सगळ्यांसमोर म्हटलं. दा.स. म्हणाले, "बाई, टाइप करा. एक जरी तक्रार आली, तर आपलं कॉलेज यातून बाहेर."

आम्ही बाहेर पडलो की बाकीचे चौघे थांबतायत थोडेच! नऊ महिने फुकट.

८ मार्च, सोमवार

लिनिअर प्रोग्रॅमिंग टाइप करून झालं. मान धरलीय. पान पटकन उघडतं, चिन्हं सुरेख दिसतात. दा.स. मागे उभे राहून बघत होते. ना बरं म्हणाले, ना वाईट. फक्त खाली किती जणांनी पान उघडलं तो आकडा हवाच म्हणाले. मेली हौस! लावला.

१५ मार्च, सोमवार

पाचही साइट्स एका साच्यात, आमचा धडा पाचही ठिकाणी. वर ठसठशीत ओळ: सर्व विभागांनी मान्य केलेल्या नोट्स. ती माझी कल्पना. घरी येताना गोड म्हणून शेवखंड घेतलं.

नसरीनला फोन केला. आमचीच टी.वाय.ची मुलगी. आई आजारी पडली म्हणून दिवाळीनंतर गावी गेली, दापोलीच्या पुढे, आणि तिथेच अडकली. वडील कुवेतला. हा धडा असलेला एकच पेपर राहिलाय. निघाला तर बी.एड., नाही तर जूनमध्ये लग्न, असं वडिलांनी सरळ सांगितलंय. मैत्रिणीची वही उतरवून अभ्यास करते. म्हटलं, आता वहीवर विसंबू नकोस, एस.टी.ने दापोलीला जा आणि सायबर कॅफेत साइट बघ. किती खूश झाली पोर.

२९ मार्च, सोमवार

 लिहून काढते.

दुपारी नसरीनचा फोन, विभागात. फार अदबीने बोलते. "मॅडम, धडा पाठ झाला. एकच विचारायचं होतं, प्रत्येक गणिताच्या शेवटी x चा घन शून्य का घ्यायचा?"

मी म्हटलं, घन कुठला? x शून्य किंवा शून्यापेक्षा मोठा, एवढंच आहे तिथे. ती म्हणाली, साइटवर x वर तीन आहे, पुढे शून्य. मध्ये बरोबरचं चिन्ह राहिलं असेल म्हणून तिने आपलं घातलं. आणि पेक्षा लहानच्या जागी पौंडाची खूण, ती नवीन पद्धत असेल असं वाटलं तिला.

तेव्हा टाळक्यात प्रकाश पडला. चिन्हं मी ज्या फॉन्टमध्ये टाइप केली तो तिथल्या मशीनवर नाही. व्हायरसला कंटाळून कॅफेवाल्याने विंडोज काढून लिनक्स टाकलंय, असं ती म्हणाली. माझ्या मशीनवर जे ≥ दिसतं, ते तिथे ³ होतं. मी दुसऱ्या एकाही मशीनवर उघडून बघितलं नाही! गाढव कुठली.

मैत्रिणीच्या वहीत काय होतं, विचारलं.

"वहीत तुम्ही आत्ता म्हणालात तसंच होतं, मॅडम. मी खोडलं. पाच कॉलेजांनी मान्य केलंय म्हटल्यावर साइटवर आहे तेच बरोबर ना?"

सगळं परत उलटं कर, असं सांगितलं. पुन्हा पुन्हा सांगितलं. हो म्हणाली. पेपर शुक्रवारी, तिचं केंद्र दापोलीला.

३० मार्च, मंगळवार

दा.स.ना सांगितलं. लपवलं असतं तर कळलंही नसतं, इथल्या मशीनवर सगळं छान दिसतं. वाटलं, आता जिंकल्यासारखं बोलतील. पण ते खुर्ची ओढून बसले आणि पानाखालचा तो आकडा बघत राहिले. "यातली एक तुमची नसरीन. बाकीचे कोण?"

मला काय माहीत? फॉन्ट नसलेल्या प्रत्येक मशीनवर हेच दिसलं असणार, आणि माझा साचा म्हणून पाचही कॉलेजांत एकच चूक, एकाच वेळी. चिन्हं दिवसभर बसून बदलली, वर दुरुस्तीची सूचना टाकली. पण धडा एकदा उतरवून घेतला की परत साइट कोण उघडतंय?

साच्याचं काय, ते पेपरनंतर बघू म्हणाले. कुठल्या बाजूने बघणार, कळेना.

२ एप्रिल, शुक्रवार

पेपर झाला. मला सुपरव्हिजन होतं, आमच्याच केंद्रावर. लिनिअर प्रोग्रॅमिंगचं गणित आलं, सक्तीचं.

खिडकीकडच्या बाकावर दुसऱ्या कॉलेजची एक मुलगी. मी ओळखत नाही. अक्षर नेटकं, पट्टीने रेघा. पुरवणी द्यायला वाकले तर शेवटच्या ओळीत तिने लिहिलं होतं: x³ = 0, y³ = 0. खाली दोन रेघा मारलेल्या.

तिथेच उभी राहिले. तिने वर बघितलं, काही चुकलंय का मॅडम, अशा नजरेने. पेपर चालू असताना मला काही सांगता येत नव्हतं. पुरवणीवर सही केली आणि पुढच्या बाकाकडे गेले.

दा.स. गेटपाशी थांबले होते. मी काही सांगायच्या आत त्यांनी विचारलं, "दिसलं कोणी?"

हो म्हटलं, एक मुलगी. घरी येऊन फोनपाशी बसलेय. नसरीनचा फोन अजून नाही.