गोलातला ओला हात

१५ तारीख, बुधवार, दुपार

प्रिय ताईस,

नमस्कार. गुडघा सोडला तर मी बरी आहे. तूही बरी असशील असं धरून चालते, कारण नऊ वर्षांत तू काही कळवलेलं नाहीस. तक्रार म्हणून नाही म्हणत.

इथल्या निर्वासितांच्या छावणीतल्या आठ मुलींना मी नाच शिकवते. शिकवते कसली, त्यांच्या अंगात बसलेली भीती हलवते. ‘नाचता येईना अंगण वाकडं’ म्हणून तू मला चिडवायचीस; इथली फरशी खरंच वाकडी आहे. सुरुवातीला दार वाजलं की मुली भिंतीला चिकटायच्या. आता त्याच दारावर ताल धरतात.

तासाच्या शेवटी आम्ही हात धरून, डोळे मिटून गोल करतो. जिला भीती वाटेल तिने शेजारणीचा हात दाबायचा, तिने पुढचीचा. दाब फिरून परत आला की कळतं, सगळ्या आहेत. नियम एकच, हात सोडायचा नाही. आपल्या तिघी बहिणींचा अंधारातला खेळच तो.

मागच्या आठवड्यात, मंगळवारी, गाण्याची टेप अडकली. ती बंद करायला मी हळूच गोलातून निघाले. नियम मीच मोडला. वळून पाहिलं तर माझ्या जागी फट, दोन्हीकडच्या मुलींची बोटं हवेतच कशावर तरी मिटलेली. दाब मात्र न अडकता फिरत होता.

मुली म्हणाल्या, तुम्ही हात सोडलाच नव्हता, फक्त तो लहान झाला होता. आणि ओला.

त्या घाबरल्या नाहीत. माझीच गाळण उडाली. काल मी बाजूलाच बसले, तर त्यांनी फट ठेवून गोल केला. नंतर, कधीच न बोलणारी मुलगी ओला तळवा पुसत माझ्याजवळ आली.

"बाई, ती दोनदा दाबते आणि थांबते. कुणाची वाट बघते?"

ताई, नदी ओलांडताना धाकटीचा हात निसटला असं मी तुला सांगितलं. निसटला नव्हता. पाणी माझ्या गळ्याशी आलं, तिने दोनदा दाबला, आणि मी सोडला. तू पुढे होतीस. तुला संशय आला होता, म्हणूनच तू बोलणं टाकलंस ना?

येत्या मंगळवारी मी त्या फटीत उभी राहणार आहे. तिने दाबलं की मला परत दाबायचंय. मुलींना बजावलंय, मला कुणी ओढलं तरी तुम्ही एकमेकींना सोडायचं नाही. त्या म्हणाल्या, आणि तुम्हाला कशाला सोडू?

या वेळी हात न सोडणारी,
तुझी मधली