देवेशचा डावा पाय

चारकोप, कांदिवली (प.)
रविवार, २ मार्च २०२५

प्रिय कमळताई,

नमस्कार. रामनाथभाऊंनाही माझा नमस्कार सांगा.

तुम्ही म्हणाल, या बाईला झालंय काय? रोज फोनवर तासभर बडबडते आणि आज एकदम पत्र! त्याचं कारण तुमचाच फोन. माझा फोन आला की तुम्ही तो स्पीकरवर टाकता आणि पाटीच्या कडेला ठेवून मासे कापत बसता. परवा मी फक्त 'देवेशचं पोट साफ झालं' म्हणाले, तर पलीकडून चार बायकांनी 'बरं झालं गो!' म्हणून जल्लोष केला. मला आज तुमच्या एकटीशी बोलायचंय. म्हणून हे पोस्टात टाकतेय. गिऱ्हाईक संपलं की चष्मा लावून निवांत वाचा.

शनिवारी प्रितमबरोबर पाठवलेले बोंबील पोचले. साफ करून पाठवलेत, जीव लावलात. आमच्याकडे त्यांचं नारळाचं तिखलं केलं. तुम्ही नाक मुरडाल ते मला इथून दिसतंय, पण आम्ही मालवणी माणसं, नारळाशिवाय आमच्या घशाखाली उतरत नाही. देवेशने काटा काढलेला तुकडा भाताबरोबर खाल्ला आणि वर हात पुढे केला. मासळी कोणाच्या घरची आहे ते त्याला कळतं, असं आमचे हे म्हणतात.

श्रुतिका बरी आहे. अंधेरीचं ऑफिस, संध्याकाळी घरी येऊन पोराचे व्यायाम, मग स्वयंपाकात लुडबुड. लेक माहेरी आहे म्हणून मी तिला ओट्यापाशी येऊ देत नाही. मुलगा, सून आणि नातू आमच्याकडे ठेवून तुम्ही दोघं तिकडे राहता, यावर तुम्ही एकदाही कुरकुर केली नाहीत. देवेशला व्यायाम देणाऱ्या दिशाचं थेरपी सेंटर आमच्या सेक्टरच्या मागे आहे म्हणून ही व्यवस्था झाली, हे खरंच. पण माझा नातू असा कोणी महिनेच्या महिने नेला असता तर मी घर डोक्यावर घेतलं असतं. तुम्ही नुसतं म्हणालात, "न्या. पोराचं भलं होतंय ना, मग न्या." आणि आत जाऊन त्याचं दुपटं धुवायला बसलात. तेव्हा म्हणायचं राहून गेलं. आज बोलते. तुमचे उपकार आहेत आमच्यावर, कमळताई.

आणि ते एकच नाही. मला गेल्या वर्षीचा तुमचा ओटा आठवतो. पोर अधिक महिन्यात जन्मलं, यायचं होतं दसऱ्याच्या आसपास. काचेच्या पेटीतून घरी आलं तेव्हा एवढंसं होतं की त्याला धरायची मला भीती वाटायची. तुमच्याकडे मात्र त्याला जमीन माहीतच नव्हती. या मांडीवरून त्या मांडीवर, या खांद्यावरून त्या खांद्यावर. अख्खी आळी त्याला उचलून घ्यायला टपलेली. मग दिशा पहिल्यांदा तुमच्या घरी आली आणि म्हणाली, "आजी, याला खाली ठेवा. पालथं ठेवा. लवकर जन्मलेल्या बाळांना मान, पाठ, खांदे सगळं जमिनीवरच कमवावं लागतं. मांडीवर त्याला काही करावंच लागत नाही." मला वाटलं, आता इथे भांडण होणार. कोळणीच्या घरात येऊन नातू जमिनीवर ठेवा सांगायचं म्हणजे काय!

तुम्ही ओटा झाडून घेतलात. मग सतरंजी अंथरलीत. त्याला पालथं घातलंत, तर त्याने असा टाहो फोडला की शेजारचे धावत आले. आणि तुम्ही काय केलंत? लुगडं सावरून स्वतः त्याच्यासमोर पालथ्या पडलात. हनुवटी जमिनीला टेकवून त्याला म्हणालात, "रड रड. मी पण इथेच हाय. बघू कोण आधी उठतंय." तो तुमच्या गळ्यातल्या सोन्याकडे बघायला म्हणून मान उचलायला लागला. पुढे तर नियमच झाला. जो येईल त्याने आधी देवेशसमोर पालथं पडायचं, मग चहा. रामनाथभाऊ पडले. जाळं विणायला येणारे धाकूकाका पडले आणि तिथेच झोपले. मी आले तर मलाही सोडलं नाहीत, माझ्या इस्त्रीच्या साडीची वाट लावलीत. हसून हसून पोट दुखलं माझं. पण दिशा आजही सांगते, याची मान आणि पाठ जी तयार झाली ती त्या सतरंजीवर. सेंटरमध्ये नव्या आयांना ती तुमची गोष्ट सांगते. तुमचं नाव नाही घेत, 'आमच्या एक आजी' म्हणते, आणि मी कोपऱ्यात बसून ताठ होते, जणू मीच पडले होते.

एक मात्र आपण सगळ्यांनी मिळून चुकीचं वाचलं. त्याला काखेत धरून मांडीवर उभा केला की तो पाय कसे रोवायचा, आठवतंय? टाचा वर, चवड्यांवर ताठ. तुम्ही म्हणायचात, "कोळ्याचा पोर, होडीत उभा राहणार." आमच्या ह्यांनी तर त्याचा व्हिडिओ सोसायटीच्या ग्रुपवर टाकला, वर लिहिलं 'आमचे पहिलवान'. सगळ्यांनी हात जोडलेली चित्रं पाठवली. दिशाने तो व्हिडिओ पाहिला आणि हसली नाही. म्हणाली, असं उभं करू नका. ही ताकद नाही, पाय सैल व्हायला तयार नाहीत म्हणून तो तसा उभा राहतो. मला तेव्हा ते फारसं पटलं नव्हतं. पोरीने उगाच विरस केला असं वाटलं.

आता पाणी पिऊन आले. मघापासून जे लिहायचंय त्याच्या भोवतीच फिरतेय, ते तुमच्याही ध्यानात आलं असेल.

कमळताई, महिन्याभरापूर्वी मी तुम्हाला फोनवर म्हणाले ना, देवेशला सर्दी झालीय म्हणून मोठ्या डॉक्टरांकडे नेतोय. सर्दी नव्हती. दिशाने पाठवलं होतं. डॉक्टरांनी त्याला बराच वेळ खाली खेळू दिलं, पाय वाकवून बघितले, काचेच्या पेटीत असतानाचे डोक्याच्या सोनोग्राफीचे कागद पाहिले. आणि मग सांगितलं. डोक्याला तेव्हा जी थोडी इजा झाली त्यामुळे डावा पाय ताठ राहतो. याला सेरेब्रल पाल्सी म्हणतात. सौम्य आहे, एका पायापुरती आहे, वाढत जाणारी नाही. बुद्धीला काही नाही. तो चालेल, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. पण उशिरा चालेल. आणि तो पाय कायम थोडा वेगळाच पडेल.

श्रुतिकाने तिथे सगळे कागद गोळा केले. रिक्षात बसल्यावर म्हणाली, "आई, सासूबाईंना कसं सांगायचं?" स्वतःचं दुःख बाजूला, आधी तुमचं आलं तिला. प्रितम म्हणाला, मी सांगतो. तीन शनिवार झाले, तो सांगायला म्हणून तुमच्याकडे खारदांड्याला येतो आणि तुमच्याबरोबर जेवून परत जातो. आमच्या ह्यांना म्हटलं तर म्हणाले, "तूच सांग तेंका. माका जमाचा नाय." अशी ही पाळी माझ्यावर आली.

भीती कशाची ते तुम्हाला ठाऊक आहे. तुमच्या नवसाची. चैत्रात एकवीरेच्या पायऱ्या देवेश स्वतःच्या पायांनी चढणार, हे तुम्ही अख्ख्या दांड्याला सांगून ठेवलंय. बस ठरली, आळीतले सगळे येणार. रोज फोनवर तुम्ही विचारता, "चालला काय?" आणि मी म्हणते, "चालेल, चालेल." ताई, चैत्रापर्यंत तो नाही चालणार. आज तो दिवाणाला धरून बाजूबाजूने सरकतो. पाटावरून माझे हात धरून उठतो. दोन्ही हात धरले की दोन-तीन पावलं टाकतो आणि आपल्यालाच शाबासकी देतो. दिशा म्हणते, त्याचं वय यायच्या तारखेपासून मोजा, आणि घाई करू नका. पायऱ्या त्याच्या आवाक्यात नाहीत.

गेल्या मंगळवारी त्याला स्प्लिंट मिळाली. पोटरीपासून तळव्यापर्यंत प्लास्टिकची, वेल्क्रोच्या पट्ट्या असलेली, वरून एक नंबर मोठा बूट. पहिल्या दिवशी रडला. दुसऱ्या दिवशी त्याला शोध लागला की त्या पायाने लादीवर आपटलं की मोठा आवाज होतो. खालच्या मजल्यावरच्या वसुधाबाई वर येऊन विचारून गेल्या की काय कुटताय. टाच खाली टेकलेली मी त्याची पहिल्यांदा पाहिली, कमळताई. दिवाणाला धरून उभा होता आणि टाच चक्क जमिनीला. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले, आणि ते रडणं वाईट वाटून नव्हतं.

प्रितमने यात्रेसाठी त्याला लांब पायघोळ पायजमा आणलाय. म्हणतो, स्प्लिंट दिसायला नको, आई सगळ्यांना काय उत्तर देईल? मला ते आवडलं नाही. पण माणसं तुमची, देवी तुमची, नवस तुमचा. तुम्ही सांगाल तसं होईल. येऊ नका म्हणालात तरी मी समजून घेईन, आणि नवस मोडला याचा राग कोणावर काढायचा असेल तर माझ्यावर काढा. पोरांवर नको, ती दोघं फार थकलीत.

हे वाचून तुम्हाला त्रास होईल, आणि मी तिथे नसेन. तेवढं एक फार लागतंय मनाला. पाणी प्या. रामनाथभाऊंना हाक मारा.

तुमच्या हातात त्याला सुखरूप द्यायची वाट बघणारी,
तुमची विहीण
सुलक्षणा


खारदांडा
शुक्रवार, ७ मार्च

सुलक्षणाबाय,

चौथी सोडल्यापासून एवढं कधी लिवलं नाय. चुकलं तर हसू नका. हसलात तरी चालेल. हे पत्र उद्या प्रितमबरोबर येईल, सुरमईच्या डब्याच्या वर ठेवलंय, वास आला तर नाक धरा.

तुमचं पत्र मी एकटीने वाचलं. मग ह्यांना वाचून दाखवलं. ते उठून बाहेर गेले, जाळ्याजवळ बसून राहिले. आता बरे हायत.

डावा पाय मला ठाऊक व्हता. पोराला तेल लावायची तेव्हाच. उजवा पाय माझ्या हातात लाथा मारायचा, डावा नुसता लाकडासारखा. उभा करून 'होडीत राहणार' म्हणायची ती मीच, आणि मग तोच पाय चोळत बसायची ती पण मीच. कोणाला बोलले नाय. श्रुतिका बाळंतपणातून अर्धी झालेली, तिला काय सांगू? वाटायचं, तोंडातून काढलं तर खरं होईल. तुम्ही मला सांगायला भ्यायलात, मी तुम्हाला. दोघी सारख्याच येड्या.

नवस मोडला म्हणता. बाय, चांगल्या पायासाठी कोण नवस बोलतं? मी त्या डाव्या पायासाठीच बोलले. एकवीरा आईला इतकंच सांगितलं, याला तुझ्या पायरीशी उभा कर. किती चढेल ते तिने विचारलं नाय, मी सांगितलं नाय. बाकीचं सगळं बाजारात बोलता बोलता वाढलं. माझी जीभ तुम्हाला म्हायती हाय.

पोर उभा राहतो, टाच टेकतो, तुम्हीच लिवलंय. मग माझं काम झालं. तुम्ही केलंत, त्या दिशाने केलं. तिला पण बसमध्ये जागा हाय, सांगा तिला.

पायजमा प्रितमला परत द्या. अर्धी चड्डी घाला पोराला, पट्टा दिसला पायजे. कोणी विचारलं तर मी सांगीन, त्याच्या पायाला आधार हाय. पहिल्या पायरीवर तो पाय ठेवील, डावा. पुढे कडेवर घेऊन मी चढीन. माझे गुडघे बोलले की तुम्ही घ्या. तुमची सीट माझ्या बाजूला धरलीय.

तुमच्याइतकीच त्याची आजी,
कमळ