नऊ मुलींची वयं

पुसान, ता. १४ फेब्रुवारी १९६७

चि. जोंगनिमला अनेक आशीर्वाद. वि. वि.

नवं वर्ष नीट पार पडलं. तांदळाच्या वड्यांचं सूप यंदा शाळेतच शिजवलं. वाट्या कमी पडल्या, तेव्हा पोरांनी पाळीपाळीनं खाल्लं. सगळी एकेका वर्षानं मोठी झाली. मीही झाले, ते तू आठवण करून द्यायची गरज नाही.

लष्कराच्या फाटक्या तंबूत मी वीस पोरं घेऊन बसायचे, तेव्हा तू विचारायचीस, ही शाळा की मासळीबाजार? तुझ्या म्युन्स्टरच्या चर्चनं हात दिल्यापासून सहा वर्षांत विटांच्या सहा खोल्या झाल्या. आता मार्चमध्ये सातवी सुरू होतेय. नऊच मुली आहेत, पण सातवी नसती तर नऊही जणी रबरी बुटांच्या कारखान्यात गेल्या असत्या. यंदाची नावं आणि वयं सोबत पाठवते. नेहमीसारखी जर्मनमध्ये करून चर्चच्या मदत समितीला दे.

तुझ्या गेल्या पत्रात लिहिण्याच्या तीन चुका होत्या. आपल्या कॉन्व्हेंटच्या मदरनी तुला बाकावर उभं केलं असतं. लोभ असू दे, आणि पत्र जरा सावकाश लिहीत जा.

तुझी मोठी बहीण,
सुनदोक


म्युन्स्टर, ता. ९ मार्च १९६७

ती. सुनदोक ओन्नीस सा. न. वि. वि.

आज थट्टा नाही. समितीच्या प्रमुख हॉल्टकाम्पबाईंनी यादी परत केली, सातवीच्या नऊही नावांवर काट मारून. चौदा वर्षं पूर्ण झालेल्या मुलांना मदत नाही, हा त्यांचा नियम तुला ठाऊक आहे. आजवर सगळी लहान होती म्हणून कोणी वय पाहिलं नाही. तू नऊ जणींपुढे पंधरा लिहिलंस.

तेवढंच असतं तर बरं. मागच्या ऑगस्टमध्ये इथले डॉक्टर तिकडे येऊन मुलं तपासून गेले. त्यांच्या कार्डावर सातवीतल्या मालसुनचं वय बारा आहे. हॉल्टकाम्पबाई म्हणाल्या, सहा महिन्यांत बाराची पंधरा होणारी मुलगी त्यांनी अजून पाहिलेली नाही. आवाज न चढवता म्हणाल्या, म्हणून जास्त लागलं. २० एप्रिलला बैठक आहे. शाळेनं खोटं लिहिलं असं ठरलं तर सातवीच नाही, सगळीच मदत थांबेल.

ओन्नी, मोठी बहीण म्हणून खरं सांग. मोठ्या दाखवून लवकर वरच्या वर्गात घ्यायच्या होत्या का? मला चर्चमध्ये मान वर करवत नाही.

रागावलीस तरी उत्तर लगेच धाड.

तुझी धाकटी,
जोंगनिम


पुसान, ता. २१ मार्च १९६७

चि. जोंगनिमला आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र वाचून हातातलं भाताचं भांडं तसंच ठेवलं. चाळीस वर्षांत मी तुझ्याशी एकदा खोटं बोलले, तुझी पिवळी रिबन हरवली तेव्हा. आणि तू मला हे विचारतेस?

इथे बातमी फुटलीच. मालसुनचा बाप फाटकाशी येऊन मोठ्यानं विचारून गेला, की मास्तरीणबाई, तुमचे जर्मन पाहुणे रुसले म्हणे? कारखान्यात जागा आहे, पहिल्या तारखेपासून पोरगी तिकडे जाईल. मी त्याला बैठकीपर्यंत थांब म्हटलं. तो म्हणाला, बैठकीला भूक लागत नाही, त्याच्या घरात पाच जणांना लागते. बैठक होईपर्यंतच गप्प बसायचं त्यानं कबूल केलं.

मग मी बाप्तिस्म्याची वही काढली. मालसुनचा जन्म जुन्या पंचांगातल्या बाराव्या महिन्याचा, वीस तारखेचा. अगं, जन्मली तेव्हा एक वर्षाची, आणि दहा दिवसांनी नवं वर्ष लागलं तेव्हा दोन वर्षांची! दुपट्यात असतानाच. मी आपल्या रीतीनं पंधरा लिहिलं आणि तू त्यांच्या भाषेत पंधराच ठेवलंस. त्यांच्या हिशेबानं ती तेराची आहे. नऊही जणी तेराच्याच आहेत.

आठ जणींचे दाखले सोबत आहेत. उनशिलचा नाही. तिला कोणीतरी कडाक्याच्या थंडीत आपल्या दाराशी ठेवलं, नाळ अजून ओली होती. तिचा जन्म कुठल्याच वहीत नाही. त्या दिवशी तू नर्सिंगच्या सुट्टीवर घरी होतीस. तूच तिला पुसलंस, नाळ बांधलीस.

मला आणखी काही सुचत नाही. तू बघ.

सुनदोक


म्युन्स्टर, ता. ३ एप्रिल १९६७

ती. ओन्नीस सा. न. वि. वि.

दाखले मिळाले. आता माझं ऐक, आणि ऐकून झाल्यावर हवं तर बोलणं सोड.

इथे आले त्याच आठवड्यात हॉस्पिटलच्या कागदांवर मी दोन वर्षांनी लहान झाले होते. आम्ही सगळ्या कोरियन नर्सेस त्यावर हसलो होतो. म्हणजे मला ठाऊक होतं. यादी करताना ड्यूटीवरून आलेली होते, आकडे तसेच उतरवले. ती चूक म्हण. पण हॉल्टकाम्पबाईंनी समोर बसवून विचारलं, की भाषांतर बरोबर आहे ना, तेव्हा मी सांगितलं, शब्दन् शब्द बरोबर. आणि घरी जाताना ट्राममध्ये माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, की ही वयं आपल्या कोरियन हिशेबाची आहेत. मी परत फिरले नाही. घरी येऊन तुला ते पत्र लिहिलं.

भीती वाटली, ओन्नी. या लोकांत मी एकटी, आणि माझ्या शब्दाला इथे किंमत आहे. ती गेली तर शाळेसाठी बोलणार कोण, असं मीच मला समजावलं. खरं तर मला माझीच पडली होती.

बैठकीत हे सगळं सांगणार आहे. उनशिलचा जन्म पाहिल्यासारखा मलाच माहीत, पण जी बाई एकदा खोटं बोलली तिची साक्ष ते का घेतील? तरी लिहून देणार आहे. तारीख, वेळ, नाळ, सगळं.

माझ्यासाठी नाही, त्या मुलींसाठी रोझरीची माळ म्हण.

जोंगनिम


पुसान, ता. ५ मे १९६७

चि. जोंगनिमला पोटभर आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र आल्यावर दोन दिवस मनातल्या मनात तुझ्याशी भांडले. तिसऱ्या दिवशी चर्चमध्ये मिस्सेच्या प्रार्थनेला गेले आणि भांडायचं विसरले. मग बैठकीनंतरची तुझी तार आली.

काल समितीचं पत्रही आलं. नऊही नावं कायम. नियमही त्यांनी बदललाय, यापुढे वय नाही, जन्मतारीख लिहायची. शेवटी एक ओळ आहे, की यादीचं काम आता कुमारी जोंगनिम यांच्याकडे नसेल. ती ओळ मी मुलींना वाचून दाखवली नाही. हॉल्टकाम्पबाईंनी उनशिलबद्दलची तुझी साक्ष स्वतः सही करून मान्य केली, एवढं मात्र तुला कळायला हवं. मालसुनच्या बापाला पत्र दाखवलं. त्याला वाचता येत नाही, तरी शिक्का बघून पोरीला वर्गात सोडून गेला.

साक्षीची नक्कल कोरियनमध्ये करून मी उनशिलच्या हातात दिली. तिला आजवर एवढंच ठाऊक होतं, की ती दाराशी सापडली. दोनदा वाचलं. मग विचारलं, तिला पहिल्यांदा उचललं तेव्हा ती रडत होती का, आणि हात कोणाचे थंड होते, तिचे की मावशीचे? मी त्या वेळी पाणी तापवायला आत गेले होते गं. मला माहीत नाही. हे फक्त तुलाच माहीत आहे.

तिचं पत्र तिच्याच नावानं लिही. पोस्टमन आला की ती वर्गातून उठते आणि मी तिला रागावत नाही.

तुझीच,
सुनदोक