ब्रेक गार होईपर्यंत

आई, मी टेमघरच्या वर, घाटात थांबलोय. गाडी डोंगराच्या बाजूला दाबून उभी केलीय, चाकांना दगड लावलेत आणि कठड्यावर बसून फोनवर हे लिहितोय. गाडी माझी नाही. केवढ्याची आहे ते तुला कळलं असतं तर तू म्हणाली असतीस, "मंग हात कशापायी लावलास?" लाल आहे, बुटकी आहे, इंजिन आणि बॅटरी दोन्हींवर चालते, आत दोनच माणसं मावतात, आणि आत्ता तिच्या पुढच्या चाकांतून जळका वास येतोय. त्या वासानेच तुझी आठवण आली. तू कंपनीतून यायचीस तेव्हा तुझ्या पदराला हाच वास असायचा. ब्रेक गार होईपर्यंत मला इथून हलता येत नाही, आणि गार झाल्यावर हलावं की नाही हे मला कळत नाहीये. खाली उतार आहे, वळणं आहेत, आणि वळणं संपली की धरण.

तुला माझं काहीच माहीत नाही, नाही का. तू गेलीस तेव्हा मी सहावीत होतो. पुढे मामाकडे होतो, बारावी अर्धी सोडली. मामाला न सांगता मनालीला गेलो, तिथे एका ढाब्यावर राहिलो, तिथून गोव्याला, आणि परत आलो तेव्हा एक पावसाळा लवासात एका रिकाम्या इमारतीची राखण केली. नळाला पाणी नाही, माणूस नाही, पण प्रत्येक खोलीत भिंतीएवढा आरसा. पहिले काही दिवस मी स्वतःलाच बघून दचकायचो, मग गप्पा मारायला लागलो. ते राहू दे. आता वर्ष झालं, भूगावला एका गॅरेजात आहे. पैसेवाल्यांच्या गाड्या धुवायच्या, पॉलिश करायच्या, या बंगल्यातून त्या बंगल्यात नेऊन सोडायच्या. एवढा एका जागी मी कधी टिकलो नव्हतो. ही गाडी आमच्या एका साहेबांची, त्यांचं रिह्याला फार्महाऊस आहे. मूळचे लातूरकडचे, हिंजवडीत मोठ्या हुद्द्यावर, माणूस चांगला. त्यांच्यासारख्यांचा ताफा रविवारी लवासाला नाश्त्याला जातो आणि वाटेत काही झालंच तर असू दे म्हणून ते मला शेजारी बसवून नेतात. आज इडली समोर आली आणि त्यांना फोन आला, अमेरिकेत काहीतरी बंद पडलं होतं. साहेब मित्राच्या मोठ्या गाडीत मागे लॅपटॉप उघडून बसले आणि किल्ली माझ्याकडे टाकली. "तू घेऊन ये. घाई नाही."

येताना खिंडीपर्यंत चढ होता, मजा आली, खोटं कशाला बोलू. पुढे उतार लागला. ताफा केव्हाच दिसेनासा झाला होता, तो गाठायचा म्हणून मी जरा जोरात घेत होतो, दर वळणावर ब्रेक, परत वेग, परत ब्रेक. आणि एका वळणावर पाय दाबला तर पेडल नेहमीच्या जागी अडलं नाही, मऊ लागलं, खाली गेल्यासारखं वाटलं. गाडी थांबली. म्हणजे थांबली म्हणून तर हे लिहितोय. पण मला जिथे थांबायला हवी होती तिथे नाही, त्याच्या बरीच पुढे, कठड्याला लागून. मी बाहेर आलो. तसाच उताणा पडलो रस्त्यावर. बरं झालं कुणी नव्हतं.

जरा सावरल्यावर हळूहळू गाडी डोंगराकडेला आणली आणि साहेबांना फोन लावला. म्हटलं, पेडल मऊ लागतंय.

"बॅटरी किती दाखवतेय?"

"फुल आहे, साहेब."

"मग बरोबर आहे रे. चढताना स्पोर्टमध्ये ठेवली असशील, त्यात इंजिन बॅटरी भरत राहतं. बॅटरी भरलेली असली की गाडी थांबवायला मोटरची मदत मिळत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो. पायाला वेगळं लागणारच. नॉर्मल आहे ते."

"पण साहेब, लईच..." घाबरलो की माझी भाषा गावाकडची होते.

"अरे, या नियमांनी वाट लावलीय सगळ्याची. माझी आधीची गाडी आठव, नुसतं इंजिन. आता धूर कमी पाहिजे म्हणून बॅटरी घातली, बॅटरीने वजन वाढलं, वजनाने ब्रेक तापतात, आणि आवाजाचा नियम म्हणून आवाजही गेला. काय राहिलं? अर्धा तास थांब, गार होऊ दे, आणि ये. मी मीटिंगमध्ये आहे."

त्यांचं बरोबर असेल. मी काय शिकलोय? पण मला आणखी दोन गोष्टी सुचतायत आणि त्या डोक्यातून जात नाहीत. एक म्हणजे ब्रेकचं ऑइल. ते जुनं झालं, त्यात ओल शिरली, की तापल्यावर उकळतं आणि पेडल असंच मऊ होतं. ते शेवटचं कधी बदललं, मला आठवत नाही. दुसरं म्हणजे गेल्या महिन्यात आम्ही यात ब्रेकचे नवीन पॅड टाकले, बिनतांब्याचे. पॅडमधलं तांबं झिजून रस्त्यावर पडतं, पावसाने नदीत जातं आणि माशांना बाधतं, म्हणून बाहेरच्या देशांत त्यावर बंधनं आली. आमचे गॅरेजचे मालक म्हणाले, आता येतो तो माल असाच येतो. चांगलंच आहे. टेमघरचे मासे सुखी राहोत. पण हे पॅड या गाडीला या उन्हात या घाटात कसे लागतात ते कुणी बघितलंय? पॅड टाकल्यावर गाडी कॉम्प्युटरला जोडून बघितली होती, काही दोष दाखवला नाही. आणि आई, या गाडीत आपण पाय दाबतो तो थेट चाकापर्यंत पोचतच नाही. आपण नुसतं विचारायचं, किती थांबवायचं ते आतलं यंत्र ठरवतं. म्हणजे ते नॉर्मल म्हणालं की नॉर्मल.

मी एकटाच असतो तर एवढा जीव टांगणीला लागला नसता. उद्या सकाळी साहेबांची मुलगी ही गाडी घेऊन ताम्हिणीतून कोकणात उतरणार आहे, बरोबर मैत्रीण. ती मला दादा म्हणते. परवा धुताना येऊन विचारत होती, "दादा, घाटात भीती नाही ना वाटत हिची?" मी म्हणालो, "झोपेत चालव." आता मी ही गाडी हळूहळू खाली नेली, फार्महाऊसला लावली, किल्ली दिली, तर गाडी ठीक आहे असं मीच सांगितल्यासारखं होईल. आणि ठीक नाही म्हणालो आणि ती ठीक निघाली, तर मी तो घाटात टरकलेला पोरगा. मग मला कुणी किल्ली देणार नाही. गाड्या धूत बसायचं, आणि धुवायच्याच असतील तर मी पळून जाईन, मला माझा स्वभाव माहीत आहे.

तू ब्रेकच्याच कंपनीत होतीस आणि तुझा कुठल्याच ब्रेकवर विश्वास नव्हता. आपल्या भऱ्याहून पिरंगुटला कंपनीत चालत जायचीस, पाळी करायचीस, आणि कधी पुण्याला जायचं झालं तर एसटीत ड्रायव्हरच्या बरोबर मागे बसायचीस. पिरंगुटचा घाट आला की पुढची दांडी दोन्ही हातांनी धरून सुरू. "हळू घे रं बाबा, लेकरू हाय संगं." एकदा ड्रायव्हर वैतागून म्हणाला, "मावशी, या तुमीच बसा हितं, मी मागं झोपतो." सगळी गाडी हसली. मी खिडकीबाहेर बघत बसलो, तू माझी कुणी नाहीसच असा. तू हसली नाहीस. "आमी बनिवतो त्ये बिरेक," म्हणालीस. "शनवारी दुपारचा माल कसा असतो, मला इचार." पुढच्या वळणाला ड्रायव्हरने गिअर उतरवला.

आणि ती थप्पड. मित्राच्या मोठ्या भावाच्या मोटरसायकलवर मागे बसून घाट उतरलो होतो, पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करून. तुझ्या पाळीची सुटायची वेळ, बायका कंपनीच्या गेटातून बाहेर पडतायत, आणि आम्ही भोंगा वाजवत तुमच्यासमोर थांबलो. माझ्या मते तू खूश होणार होतीस. तू गर्दीतून सरळ आलीस आणि कानाखाली वाजवलीस. तुझा हात राखाडी होता, गालावर छाप उमटला असणार, कारण तुझ्या मैत्रिणी हसायला लागल्या. "ह्यो बघा, पावडर लावलेला नवरदेव." मग घरची वाट. मी मागे चालतोय आणि तुझी पाठ दिसतेय, पाठीवर तीच राखाडी भुकटी, घामाने चिकटलेली.

मगाशी इथे गंमत झाली. वरच्या वाडीतली एक मावशी पाटीत करवंदं घेऊन चालली होती. मला बघून थांबली. "काय रं, बंद पडली व्हय?"

"न्हाई मावशी, ब्रेक तापल्यात."

"मंग पानी मार की." आणि मी उठेपर्यंत तिने कमरेची बाटली उघडून चाकाकडे हात नेलासुद्धा. मी असा ओरडलो की तिच्या पाटीतली करवंदं सांडली. चाकाआतल्या तापलेल्या डिस्कवर गार पाणी पडलं तर तडा जातो. हे सांगेपर्यंत ती मला शिव्या देऊन मोकळी झाली होती.

"येवढ्या पैशाची गाडी आन् पानी सोसंना? आमची म्हस ऊन झाल्यावर पान्यात जाऊन बसती, तिला न्हाई कायी होत."

"ही म्हस न्हाई ना, मावशी."

"त्येच म्हणतीया. म्हस तरी दूध देती." मग माझ्याकडे नीट बघून म्हणाली, "भ्यालायस तू. खा ही." आणि पानावर करवंदं दिली. सांडलेली दोघांनी मिळून वेचली. पैसे दिले तर घेतले नाहीत, वर म्हणाली, गाडी विकून दे.

आता बाहेरच्या देशांत म्हणे ब्रेकच्या भुकटीवरही नियम येतोय. धुरासारखीच ती मोजणार, किती उडते, किती बारीक. मालकांनी परवा सांगितलं तेव्हा मी याच गाडीची चाकं पुसत होतो, फडकं काळं झालं होतं, आणि मी तोंडावरचा रुमाल वर ओढला. तोवर कधी ओढला नव्हता. तू घरी आलीस की मला जवळ येऊ द्यायची नाहीस, आधी मोरीत हातपाय, मग चूल. मला राग यायचा. पण ते तुकडे मात्र आणायचीस, नापास झालेले, चंद्रकोरीसारखे वाकडे, जुन्या ब्रेकमध्ये घासायला असायचं त्या लाइनिंगचे. जळत नाहीत म्हणून तापलं पातेलं त्यावर ठेवायचीस. एक मला दिला होतास. माझ्या खेळातल्या गाड्यांचा तो पूल होता. मी तो जमिनीवर घासायचो, टोक गुळगुळीत व्हावं म्हणून, आणि फुंकर मारून भुकटी उडवायचो. डॉक्टर आधी दमा म्हणाले, मग टीबी म्हणाले, मग काही म्हणालेच नाहीत. त्या लाइनिंगमध्ये तेव्हा काय घालत होते, मला माहीत नाही. कुणाला विचारू? ती कंपनी आता तिथे नाही. मला कधी खोकला झाला की मी झोपत नाही, एवढंच.

मी पुन्हा जाऊन पेडल दाबून बघितलं. घट्ट आहे. गाडी बंद करून चालू केली, परत दाबलं, घट्ट. वासही कमी झालाय. म्हणजे साहेब म्हणतात तसं असेल. किंवा गार झालंय म्हणून घट्ट आहे आणि ताम्हिणीत दहाव्या वळणाला परत मऊ होईल, तेव्हा तिथे मी नसेन.

तेवढ्यात साहेबांचाच फोन आला. "निघालास का? ती संध्याकाळी सामान भरणार आहे गाडीत."

मी म्हणालो, "साहेब, गाडी मी खाली आणत नाही. उचलून न्यायची गाडी पाठवा. आणि ऑइल, पॅड सगळं उघडून बघेपर्यंत ताईंना देऊ नका."

पलीकडे लॅपटॉपवर कुणीतरी इंग्रजीत बोलतंय, ते ऐकू येतंय. "पेडल नुसतं मऊ होतं," त्यांनी विचारलं, "की पूर्ण खाली गेलं? नीट आठवून सांग. नुसतं मऊ असेल तर मी तिला नाही म्हणणार नाही, ती महिनाभर याची वाट बघतेय."

"पूर्ण खाली गेलं, साहेब. तळाला टेकलं."

"नक्की?"

"नक्की."

"ठीक आहे. पाठवतो," म्हणाले आणि फोन ठेवला.

आई, तळाला टेकलं नव्हतं. अर्ध्यापर्यंत गेलं असेल. आणि तेवढं तरी पेडल गेलं की माझाच पाय लटपटला, हे मला खरंच सांगता येत नाही. तासभर झाला, खालून घाटात उचलायच्या गाडीचा आवाज येतोय, ते लोक उतरले की पहिल्यांदा हेच विचारतील, पेडल कुठवर गेलं होतं.